गांजा लीगल आहे, बिनधास्त रहा!

अमेरिकेत शिकायला निघालात? मग तिकडे गांजा लीगल असतो, ही माहिती तुम्हाला व्हिसाच्या आधीच मिळालेली असणार. खोटी नाही. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये औषध म्हणून परवानगी दिली, कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्याने 2012 मध्ये मौजेसाठीही दिली, आणि आता अशी राज्यं दोन डझन झाली आहेत. चकाचक दुकानं, ओळखपत्र तपासणारी नम्र पोरं, बिलावर रीतसर राज्याचा कर. फक्त 1970 चा एक फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, कायदा आहे, त्याने गांजाला हेरॉइनच्या पंगतीला अमली पदार्थांच्या पहिल्या, सर्वांत कडक यादीत बसवलं. तेवढं मनावर घेऊ नका. त्याला खाली तिसऱ्या यादीत न्यायचा प्रस्ताव 2024 च्या मे महिन्यात आला. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांनी 'लवकर उरका' असा आदेश काढला. सरकारी 'लवकर' आपल्याला काही नवं नाही. शिवाय तिसऱ्या यादीतला मालही दुकानातून मौजेसाठी विकायला फेडरल परवानगी नसतेच.

पोर्टलंडला राहणार असाल तर पुलाचं भान ठेवा. कोलंबिया नदीच्या अलीकडे ऑरेगन, पलीकडे वॉशिंग्टन, आणि गांजा दोन्ही तीरांवर चालतो. पण पुडी खिशात घालून पूल ओलांडलात की राज्याची हद्द ओलांडली, म्हणजे थेट फेडरल गुन्हा. तेव्हा अलीकडची अलीकडेच संपवा. मात्र संपवून स्टिअरिंगवर बसू नका. तो गुन्हा आहे, यावर दोन्ही राज्यांचं एकमत आहे.

घरीच कुंडीत लावू म्हणता? कॅलिफोर्नियातल्या एका आजारी बाईने सहा रोपं लावली होती. विकायची नव्हती, कुठे न्यायचीही नव्हती. 2002 मध्ये दारात दोन्हीकडचे अधिकारी एकत्रच आले. काउंटीवाले, म्हणजे स्थानिक पोलीस, म्हणाले, राज्याच्या कायद्यात बसतंय. फेडरलवाल्यांनी तीन तासांच्या हुज्जतीनंतर सहाही रोपं नष्ट केली. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 मतांनी फेडरल सरकारला तो अधिकार आहे असं ठरवलं, कारण कुंडीतल्या रोपाचा आंतरराज्य व्यापारावर परिणाम होऊ शकतो! आधाराला 1942 चा निकाल होता. त्यातल्या शेतकऱ्याने स्वतःच्याच शेतात ठरलेल्यापेक्षा जास्त गहू पेरला होता.

दुकान टाकायचा विचार असेल तर आधी मजबूत तिजोरी घ्या. बऱ्याच बँका फेडरल कायद्याला घाबरून खातंच उघडत नाहीत, त्यामुळे धंदा रोकडीत. आयकर मात्र फेडरल सरकार विनासंकोच घेतं. वर 1982 चं कलम 280ई आहे: पहिल्या दोन याद्यांतला माल विकणाऱ्याला भाडं, पगार, वीजबिल यांची वजावट नाही. त्याच्या आदल्या वर्षी मिनियापोलिसच्या एका ड्रगविक्याने वजनकाट्याचा, फोनचा आणि गाडीचा खर्च वजा करून मागितला होता आणि टॅक्स कोर्टाने तो बऱ्यापैकी मान्यही केला होता, म्हणून हे कलम आलं. त्याचं बिल आता परवानाधारक दुकानदार भरतात. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, आणि वर दोघंही घरपट्टी मागणार.

आता आपल्यासारख्यांच्या खास कामाचं. सुट्टीवरून परत येताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, कधी गांजा ओढलाय का, तर ताठ मानेने सांगा: हो साहेब, कोलोरॅडोतल्या डेनव्हरमध्ये, परवान्याच्या दुकानातून. जपून ठेवलेलं बिलही दाखवा. तुम्ही अमेरिकेचे नागरिक नाही, आणि इमिग्रेशनचा कायदा पूर्णपणे फेडरल. खटला नाही, शिक्षा नाही, तरी नुसत्या कबुलीवर प्रवेश नाकारता येतो. त्या बिलाची मग घरी फ्रेम करून लावा.

आपण तर ओढतच नाही, असं म्हणणाऱ्या सज्जनांनीही हुरळून जाऊ नये. ग्रीन कार्ड आहे आणि अशा एखाद्या दुकानाचे हिशेब लिहायची नोकरी चालून आलीय? जरूर घ्या. नागरिकत्वाच्या अर्जाला 'चांगलं चारित्र्य' लागतं, आणि 2019 च्या फेडरल धोरणानुसार राज्यात लीगल असलेल्या गांजाच्या धंद्यातली नोकरीसुद्धा त्याच्या आड येऊ शकते. त्याच नोकरीच्या पगारातून कापलेला फेडरल कर मात्र चारित्र्याला बाधा न आणता जमा झालेला असतो, तो परत मागायला जाऊ नका.