नवा टर्बो रेस देऊन ‘सेट’ होत नाही, उडतो

ट्रकमालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतोय: ‘बाहेरचा टर्बो बसवताना पाच युक्त्या, कंपनी कधीच सांगणार नाही.’ (टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र; ‘बाहेरचा’ म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला.) माझ्या मावसभावाने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘दादा, उद्या टर्बो टाकतोय, असंच करू ना?’ नको रे बाबा.

पहिली युक्ती: टर्बो बसला की सेल्फ मारून लगेच फुल रेस द्या, म्हणजे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या) ‘सेट’ होतात. ही कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली? ट्रकच्या बहुतेक टर्बोंचा शाफ्ट बुशमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, तोही लोडवर मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे. नवा टर्बो आतून कोरडा असतो, ऑइलचा पाइपही रिकामा. प्रेशर वर पोचायला काही सेकंद लागतात आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही ॲक्सिलरेटर दाबताय. शाफ्ट बुशला खातो, मग डुलायला लागतो आणि पंखा हाऊसिंगला घासतो. चार दिवसांनी ‘माल डुप्लिकेट होता’ म्हणून दुकानदाराशी भांडण.

करायचं ते एवढंच: ऑइलच्या इनलेटमधून स्वच्छ ऑइल ओता, पंखा हाताने फिरवा. मग डिझेल बंद ठेवून, म्हणजे स्टॉप ओढून किंवा डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या झडपेची) वायर काढून, थांबत थांबत सेल्फ मारा. ऑइल प्रेशरचा काटा उठला की गाडी सुरू करा आणि काही मिनिटं आयडलवरच ठेवा. गॅरेटसारखी टर्बो बनवणारी जुनी कंपनी आपल्या बसवणीच्या सूचनांत हेच सांगते. म्हणजे ‘कंपनी सांगत नाही’ हेही खोटं. खोक्यातला कागद आपण वाचत नाही.

त्याच सूचनांत दुसऱ्या युक्तीचाही निकाल लागतो. ऑइलच्या जोडावर गॅस्केटऐवजी सिलिकॉन? बाहेरचं गळणं थांबतं, पण आत दाबलं गेलेलं सिलिकॉन सुटतं आणि ऑइलच्या बारीक भोकात अडकतं.

तिसरी, ‘धूर आला की टर्बो परत करा.’ धुरामागे कधीकधी टर्बो खरंच खराब असतो, मान्य. पण आधीचा टर्बो फुटून सायलेन्सरमध्ये ऑइल साचलं असेल, तर ते जळेपर्यंत नवा टर्बोही धूर दाखवणारच. तरीही थांबला नाही, तर टर्बोवर बोट दाखवण्याआधी परतीचा ऑइल पाइप बघा. त्यातून ऑइल आपल्या वजनाने खाली इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. पाइप दबला, वाकला किंवा इंजिनचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) चोंदला, की ऑइल टर्बोतच तुंबतं आणि पंख्याच्या बाजूने बाहेर पडतं. शाफ्टवर रबरी सील नसतं, पिस्टनसारख्या रिंगा असतात; तुंबलेलं ऑइल त्या अडवू शकत नाहीत. असा पाइप तसाच ठेवून तीन टर्बो बदलले तरी धूर तोच.

चौथी, शिट्टी ऐकू आली म्हणजे माल खोटा. लोडवर हलकी शिट्टी येतेच. आवाज सायरनसारखा चढत गेला तर हवेच्या पाइपांचे होज क्लॅम्प (आवळपट्टे) तपासा.

पाचवी, जुनंच ऑइल चालेल. नाही चालणार. फुटलेल्या टर्बोचा चुरा त्यातच असतो. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. आणि इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी, खोलून आतून साफ करा. जुन्या पंख्याचे तुकडे तिथे राहिले, तर ते पुढे थेट इंजिनात जातील.