आधी चेरीचा देठ बघा

‘कोल्ड स्टोरेजचं फळ म्हणजे मेलेलं फळ.’ जून आला की आमच्या पार्ल्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी हे टाकतंच. यंदा मामांनी टाकलं, वर पुस्ती जोडली: ‘तुम्ही तिकडे महिनाभर जुनं खाता, आम्ही ताजं खातो.’ मला हे अजिबात पटत नाही.

मामा, मी अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमात राहतो. इथे चेरी पहाटे तोडतात आणि लगेच बर्फगार पाण्याने तिची उष्णता काढून घेतात. पुढे तापमान शून्याच्या आसपास, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. एवढं सांभाळलं की ती २-३ आठवडे टिकते, खास पिशवीत आणखी थोडी. चिलीची चेरी तर जहाजातून तीन-तीन आठवडे प्रवास करून चीनला पोचते.

आता क्रॉफर्ड मार्केटात काश्मीरची चेरी हातात घ्या. देठ हिरवा, लवचीक असेल तर वाटेत गारवा मिळालाय. तपकिरी, वाळक्या काडीसारखा असेल तर माल तापलाय, विकणारा ‘आजचाच आहे’ म्हणो की काही म्हणो.

आपली जीभ हापूसवर पोसलेली. कच्चा हापूस अढीत पिकतो, आणि फ्रीजमध्ये ठेवला तर बिघडतो. म्हणून गारवा म्हणजे फळाचा वैरी, असं आपल्या मनात बसलंय. हापूससाठी ते खरंच आहे. पण चेरी झाडावरून उतरली की तिचं पिकणं थांबतं. त्यानंतर ती श्वास घेते आणि स्वतःचीच साखर जाळत राहते. थंडीत हा श्वास मंदावतो, एवढंच. काश्मिरी चेरीच्या जातींत मिश्री जरा दणकट, मखमली नाजूक, पण काश्मीरमधल्या शोपियानपासून वाशीपर्यंत गारवा दोघींनाही लागतोच.

‘तू आता तिकडचा, तुला काय कळणार?’ हे उत्तर ठरलेलं, आणि ते मनाला लागतं. इथे चेरीबद्दल मला कुणी काही विचारत नाही, कारण इथे सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. वाशीच्या बाजारात काय यावं, यावर मात्र मला बोलायचंय, कारण तो बाजार मला अजून आपला वाटतो. बाबा दादरहून पाव किलो आणायचे आणि आम्हा भावंडांना मोजून वाटायचे. ती चेरी मऊ पडलेली असायची, देठाशी आंबूस. पैसे त्यांनी चांगल्या फळाचे मोजलेले असायचे. माझ्या मुलीला इथे जे आयतं मिळतं, ते मुंबईला नको असं आपलीच माणसं म्हणतात, याचा मला राग येतो.