वाकणारा स्फटिकही स्फटिकच असतो: एका प्रचलित विधानाचा प्रतिवाद

लवचीक सेंद्रिय (म्हणजे कार्बनी संयुगांच्या) स्फटिकांविषयी एक विधान पुन्हा पुन्हा पुढे पाठवले जाते. त्याचा आशय असा, की स्फटिक हा स्वभावतःच कडक आणि ठिसूळ असल्यामुळे ‘वाकणारा स्फटिक’ ही दिशाभूल आहे. तो पदार्थ एकतर प्लास्टिकसारखा पॉलिमर असतो, किंवा वाकताना आतून भंगलेला असतो, किंवा निव्वळ बारीक असल्यामुळे वाकतो, आणि काहीही असले तरी इतक्या मऊ वस्तूचा व्यवहारात उपयोग नसतो. यातील प्रत्येक मुद्दा पुराव्यापुढे तपासून पाहायला हवा.

ठिसूळपणा हे स्फटिकाचे लक्षण नाही. अणू-रेणूंच्या मांडणीतील दूरवर टिकणारी शिस्त हे त्याचे लक्षण आहे. आंतरराष्ट्रीय स्फटिकविज्ञान संघाने १९९२ मध्ये केलेली व्याख्याही विवर्तनचित्रावर, म्हणजे पदार्थातून क्ष-किरण विखुरल्यावर उमटणाऱ्या ठिपक्यांच्या नक्षीवर, आधारलेली आहे आणि तिच्यात कडकपणाचा उल्लेखही नाही. सोने आणि तांबे हे स्फटिकी पदार्थ आहेत, तरी ते ठोकून पसरवता येतात. अभ्रकाचा पातळ पापुद्रा वाकवून सोडला की पूर्ववत सपाट होतो. ज्या सेंद्रिय स्फटिकांविषयी वाद आहे ते लहान, सुट्या रेणूंचे बनलेले असतात. त्यांत पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या नसतात, आणि एकस्फटिक क्ष-किरण विवर्तनाने त्यांतील अणूंची स्थाने निश्चित करता येतात.

वाकताना स्फटिक आतून भंगतो, हा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. मात्र वाकण्याचे दोन प्रकार आहेत आणि हे विधान त्यांची गल्लत करते. हेक्झाक्लोरोबेंझीन या कार्बन-क्लोरीनच्या संयुगाचा स्फटिक दाबला की कायमचा वाकतो. त्यातील चपटे रेणू एकावर एक रचलेल्या स्तंभांत असतात. स्तंभाच्या दिशेने आकर्षण प्रबळ असते, तर शेजारच्या स्तंभांमध्ये केवळ क्लोरीन अणूंचे क्षीण स्पर्श असतात. जाड वही वाकवताना पाने जशी एकमेकांवरून सरकतात आणि कडा तिरकी होते, तसे येथे थर सरकतात व स्फटिकाच्या टोकांचे कोन बदलतात. या प्रकारात वाकलेल्या भागातील शिस्त काही प्रमाणात बिघडते आणि विवर्तनाचे ठिपके पसरट होतात, हे मान्यच करायला हवे; पण शिस्त बिघडणे आणि स्फटिक भंगणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्या प्रकारात स्फटिक सोडताच सरळ होतो. कॉपर ॲसिटिलॲसिटोनेट या धातू-सेंद्रिय संयुगाचे स्फटिक इतके लवचीक असतात, की त्यांची गाठ मारता येते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाकलेल्या स्फटिकावर अतिसूक्ष्म क्ष-किरण झोत टाकून ठिकठिकाणची रचना मोजली. बाहेरच्या वक्रावर जालक, म्हणजे रेणूंची नियमित जाळी, लांबलेले आणि आतल्या वक्रावर आखडलेले आढळले, आणि हा बदल रेणू किंचित फिरल्यामुळे घडत होता. म्हणजे वाकलेल्या अवस्थेतही मांडणी मोजण्याइतकी शाबूत होती. माझ्या मते या एका मोजमापाने भंगण्याचा आक्षेप सर्वसाधारण नियम म्हणून टिकत नाही.

बारीक असल्यामुळेच वाकतो, या युक्तिवादात भूमिती बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. बाहेरच्या पृष्ठावरचा ताण, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत होणारी वाढ, जाडी भागिले वक्रतात्रिज्येची दुप्पट इतका असतो, त्यामुळे ०.१ मिलिमीटर जाडीचा स्फटिक ५ मिलिमीटर त्रिज्येत वळवला तर पृष्ठभाग सुमारे १ टक्का लांबतो. ठिसूळ सेंद्रिय स्फटिक सहसा त्याआधीच तुटतो. शिवाय हेक्झाक्लोरोबेंझीनचा स्फटिक ठरावीक पृष्ठावर दाबला तरच नीट वाकतो. कॅफिन, ४-क्लोरो-३-नायट्रोबेंझोइक आम्ल आणि मिथेनॉल यांच्या सहस्फटिकाची (एकाच स्फटिकात एकत्र रचलेल्या वेगवेगळ्या रेणूंची) लवचीकता २०१२ मध्ये नोंदवली गेली. त्यातील मिथेनॉल निघून गेले की तो ठिसूळ होतो. जाडी तीच राहूनही वर्तन पालटत असेल, तर कारण रेणूंच्या मांडणीतच शोधावे लागते.

उरला मऊपणा. सेंद्रिय स्फटिकांचा यंग गुणांक (ताणायला पदार्थ किती विरोध करतो याचे माप) बहुधा १ ते ३० गिगापास्कलच्या दरम्यान असतो. पोलादाचा सुमारे २०० असतो, पण रबराचा एका गिगापास्कलच्याही बराच खाली असतो. लवचीक वस्तू मऊ असलीच पाहिजे असे नाही. उपयोगाचे म्हणाल, तर थर सरकण्याचा हाच गुण औषधनिर्मितीत मोलाचा आहे: पॅरासिटामॉलच्या पहिल्या स्फटिकरूपातील नागमोडी थर सरकत नाहीत, म्हणून ते दाबून गोळी करणे कठीण जाते, तर दुसऱ्या रूपातील सपाट थर सरकतात आणि गोळी चांगली बांधली जाते. पहिले रूप अधिक स्थिर असल्याने व्यवहारात तेच वापरले जाते आणि बंधक द्रव्याची जोड द्यावी लागते. प्रकाशमान लवचीक स्फटिकांतून वळणावरही प्रकाश वाहून नेता येतो, हे प्रयोगांनी दाखवले आहे. असे स्फटिक अजून लहान आणि नाजूक असतात व एकसारखे वाढवणे अवघड जाते, ही त्यांची खरी मर्यादा आहे, आणि आक्षेप घ्यायचाच असेल तर तो तिथे घ्यावा.