तीनशे शब्दांच्या निबंधाचं भूत

पुण्यात अल्पवयीन मुलाच्या हातून काही घडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज येतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर ठरलेला: ‘दोन जीव घ्या, तीनशे शब्दांचा निबंध लिहा आणि घरी जा. सतरा वर्षांच्या पोराला दारू कळते, गाडी कळते, कोयता कळतो, फक्त गुन्हा कळत नाही? सुधारगृहाची नाटकं बंद करा. एकदा जेलची हवा खाऊ द्या, सुतासारखे सरळ होतील. पोरांचे गुन्हे वाढतच चाललेत. परदेशात असले लाड चालत नाहीत.’

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, त्या आठवड्यात हे वाचून मीही मान डोलावली होती. राग खोटा नव्हता. पण त्या रागातून जी मागणी निघाली, ती तपासायला घेतली की एकेक वाक्य हातातून निसटतं.

निबंधापासूनच सुरुवात करू. तो शिक्षा नव्हता, जामिनाची अट होती. वाहतूक पोलिसांबरोबर पंधरा दिवस काम आणि व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन या आणखी अटी. बाल न्याय कायद्याच्या बाराव्या कलमानुसार मुलाला जामीन देणं हाच नियम आहे. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्याच जिवाला किंवा मनाला धोका होईल किंवा न्यायालाच बाधा येईल असं दिसलं, तरच नाकारायचा. गडबड जामिनात नव्हती, तो ज्या घाईने उरकला गेला त्यात होती. मुलगा कोण, कुठल्या घरातला, पितो कधीपासून, घरचे त्याला आवरतात की पाठीशी घालतात, यातलं काही नीट कळायच्या आत, पंधरा तासांत, सगळं आटोपलं. लोक खवळल्यावर तीन दिवसांत बाल न्याय मंडळाने त्याला निरीक्षणगृहात, म्हणजे रिमांड होममध्ये, पाठवलं आणि २५ जून २०२४ ला उच्च न्यायालयाने ते पाठवणंच बेकायदा ठरवून त्याला सोडलं. आधी घाईने सोडलं, मग घाईने धरलं. दरम्यान रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना आणि मुलाच्या आईवडिलांना अटक झाली. म्हणजे या प्रकरणात सर्वांत आधी सुधारायला हवे होते ते अठराच्या वरचे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, हे कलम मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून आहे. त्याबद्दलचा फॉरवर्ड मला अजून आलेला नाही.

‘अल्पवयीन आहे म्हटलं की तीन वर्षांत बाहेर’ हे आता अर्धसत्य आहे. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात तसं झालं होतं, आणि त्यावरच्या संतापातून २०१५ चा बाल न्याय कायदा आला. (त्याच प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीने तेव्हाही वयाची मर्यादा अठरावरून खाली आणायला नकार दिला होता, हे मात्र कोणाच्या लक्षात नाही.) १५ जानेवारी २०१६ पासून सोळा ते अठरा वयाच्या मुलाने निर्घृण गुन्हा केला असेल, तर त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. फाशी नाही आणि सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप नाही, पण एकविसाव्या वर्षानंतर सरळ तुरुंग होऊ शकतो.

इथे जरा थांबावं लागेल, कारण मेसेज पाठवणाऱ्यांना हे कळलं तर त्यांचीच झोप उडेल. निर्घृण गुन्हा म्हणजे ज्याला कायद्यात किमान सात वर्षांची कैद सांगितली आहे तो. सदोष मनुष्यवधाला अशी किमान शिक्षाच नाही. म्हणून गाडीखाली माणसं मेली, तरी कायद्याच्या लेखी तो ‘गंभीर’, निर्घृण नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असा निकाल दिला, तोही दिल्लीत अल्पवयीन मुलाने मर्सिडीजखाली माणूस मारल्याच्या प्रकरणात. पुण्याच्या मुलाला प्रौढ मानण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. उलट जबरी चोरी करताना जीवघेणं हत्यार वापरलं, तर किमान सात वर्षं. म्हणजे कोयता दाखवून मोबाइल आणि पाकीट काढून घेणारा वस्तीतला सतरा वर्षांचा पोरगा निर्घृण या खणात बसू शकतो, पोर्शेवाला बसत नाही. ‘कायदा कडक करा’ म्हणून आपण ओरडतो पोर्शेकडे बघून, आणि दांडा बसतो कोयतेवाल्याच्या पाठीत.

आणि तुरुंगात पोरं नाहीत असं थोडंच आहे? माहितीच्या अधिकारात जमवलेल्या आकड्यांनुसार २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत देशातल्या मोठ्यांच्या तुरुंगांत साडेनऊ हजारांहून जास्त मुलं चुकीने डांबलेली आढळली. वयाचा दाखला कोणी बघितला नाही, वकील नव्हता, पोलिसांनी अंदाजाने ‘वय १९’ लिहिलं. फॉरवर्डमधली मागणी त्यांच्या बाबतीत कधीच मंजूर झालेली आहे.

आता जेलच्या हवेकडे येऊ. हा प्रयोग खरोखर करून पाहिलेला आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात वाह्यात पोरांना एका दिवसासाठी आत न्यायचे. जन्मठेपेचे कैदी त्यांच्या अंगावर धावून ओरडायचे, आत काय काय होतं ते सांगायचे. पोरं रडत बाहेर पडायची, आईबाप खूश. त्यावर फिल्म निघाली, आणि राज्याराज्यांत नक्कल सुरू झाली. मग संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट केले, एक आत नेलेला, एक न नेलेला, आणि पुढे कोण पकडलं जातं ते मोजलं. अशा नऊ प्रयोगांचा एकत्र हिशेब केला तेव्हा दिसलं की आत नेलेल्या मुलांनी पुढे जास्त गुन्हे केले. नुसतं बघून आलेल्यांचं हे.

राहायला पाठवलेल्यांचं शिकागोत दिसलं. तिथे कोणत्या मुलाचा खटला कोणत्या न्यायाधीशापुढे येईल, हा नशिबाचा भाग. काही न्यायाधीश सहसा आत पाठवणारे, काही सहसा न पाठवणारे. त्यामुळे जवळपास सारख्याच मुलांची तुलना करता आली. आत गेलेल्यांची शाळा पुरी होण्याची शक्यता बरीच घटली आणि मोठेपणी पुन्हा तुरुंगात जाण्याची वाढली. मोठ्यांच्या न्यायव्यवस्थेत ढकललेल्या मुलांबद्दल अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २००७ मध्ये अभ्यास एकत्र केले, तर त्यांच्याकडून पुन्हा गुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त निघालं. यात नवल ते काय? सतराव्या वर्षी पोरगा ज्यांच्यात राहतो त्यांच्यासारखा होतो, हे आपण आपल्या मुलाचा क्लास आणि मित्र निवडताना जाणतोच. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण फक्त दुसऱ्याच्या पोराची वेळ आली की आठवत नाही.

आणि रिमांड होम म्हणजे काही मामाचं गाव नव्हे. मुंबईतलं डोंगरीचं रिमांड होम जुन्या तुरुंगाच्याच आवारात आहे. १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी १०१ दिवस काढले ते हेच डोंगरी.

‘वाढतच चाललेत’ याचं उत्तर दोन आकड्यांत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे २०१६ मध्ये मुलांनी केलेले म्हणून ३५,८४९ गुन्हे नोंदलेले होते, २०२२ मध्ये ३०,५५५. त्या वर्षी देशात नोंदलेल्या एकूण गुन्ह्यांच्या हे एक टक्काही नाहीत. महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि पुण्यात कोयता घेऊन फिरणारी पोरं दिसतात, हेही खरं. ते मी नाकारत नाही.

राहिला परदेश. जर्मनीत अठरा ते वीस वयाच्या आरोपीलाही, तो अजून पोरकट आहे असं न्यायाधीशाला वाटलं तर, मुलांचाच कायदा लावता येतो. आपल्याकडेही १९५८ चा परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा सांगतो की एकविसाच्या आतल्या आरोपीला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, तुरुंगात धाडण्याआधी न्यायालयाने कारण लिहून द्यावं. पासष्टहून जास्त वर्षांपूर्वीचं हे कलम काही परदेशी खूळ नाही. ज्या वाहतूक पोलिसांबरोबरच्या पंधरा दिवसांवर मे महिन्यात आपण हसलो, तशीच समाजसेवा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत मोठ्यांसाठी शिक्षा म्हणून आली. दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घातला, किंवा पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी करून माल परत केला, तर तुरुंगाऐवजी काम. त्यावर कोणी हसलं नाही.

पण मेसेजमध्ये न लिहिलेलं एक गृहीतक उरतंच: तुरुंग नाही म्हणजे माफी. न्यूझीलंडने १९८९ मध्ये कायदा करून दुसरी वाट धरली. गुन्हा करणारा मुलगा, त्याचे घरचे, पोलीस आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस किंवा त्याच्या घरचे एका खोलीत बसतात. काय झालं ते मुलाला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं, समोरच्याचं ऐकावं लागतं. मग भरपाई किती, काम काय, शाळेचं काय, रात्री घराबाहेर पडायचं की नाही, हे सगळं मुदतीसह ठरतं, आणि पाळलं नाही तर न्यायालय आहेच. वकिलाच्या मागे मान खाली घालून उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी अवघड. आपल्या कायद्यातही समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली घरी ठेवणं, सगळं लिहिलेलं आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत मुलाच्या घराची, शाळेची, संगतीची चौकशी करून अहवाल द्यायचा आहे. तो अधिकारी खरोखर घरी गेला का, हे विचारणारा मेसेज पुढे पाठवायला कोणी तयार असेल तर मी पहिला.

पुण्याच्या मुलाने तो निबंध जुलै २०२४ मध्ये मंडळाकडे जमा केला. विषय रस्ते अपघात. त्या दोघांच्या घरच्यांनी तो वाचावा किंवा त्याने त्यांच्यासमोर बसावं, अशी अट कोणी घातली नव्हती.