निर्मळच्या तळ्याकाठी : देव आणि मरणानंतरचे

दोन नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीतून परतताना आम्ही तिघे वसईतल्या निर्मळच्या तळ्याकाठी आमच्या नेहमीच्या कट्ट्यावर टेकलो. अंतोनने आईच्या थडग्यावर लावलेली मेणबत्ती वाऱ्याने दोनदा विझली होती. तिसऱ्यांदा सुहासने, पक्का नास्तिक असूनही, ज्योतीला दोन्ही हातांचा आडोसा धरला होता. त्याच्या अंगठ्यावर सुकलेला मेणाचा थेंब नखाने खरवडतच त्याने विषय काढला. "ही ज्योत तिला दिसत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. मग मरणाची भीती झाकण्यापलीकडे तुमच्या श्रद्धेत काय उरते?"

"भीतीच झाकायची असती, तर आत्मा अमर आहे एवढे म्हणून भागले असते," अंतोन म्हणाला. "आम्ही प्रार्थनेत म्हणतो ते शरीराचे पुनरुत्थान, आणि ते मानणे कितीतरी अवघड आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे, असे संत पौलानेच करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात सांगून ठेवले आहे."

मला हे उत्तर मोलाचे वाटले, कारण आपली सगळी श्रद्धा एका घटनेवर उभी आहे आणि ती घटना घडली नसेल तर श्रद्धाही टिकणार नाही, असे जो स्वतःहून कबूल करतो, तो केवळ दिलासा शोधत असतो असे म्हणता येत नाही. मात्र दोघेही दोन प्रश्नांची एकच मोट बांधत होते, आणि ते मी बोलून दाखवले. येशूच्या काळातले सदूकी, म्हणजे ज्यूंमधला एक पंथ, देवाला मानत, पण पुनरुत्थान साफ नाकारत. जैन दर्शन जगाचा कर्ता ईश्वर मानत नाही, पण पुनर्जन्म मानते. चार्वाक दोन्ही नाकारतो. देव नाही एवढ्यावरून मरणानंतर काही नाही हे सिद्ध होत नाही, आणि देव आहे एवढ्यावरून मरणानंतर काही आहे हेही सिद्ध होत नाही.

सुहासने ते मान्य केले आणि मग आपला खरा मुद्दा मांडला. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत, खटले सोसून आणि पदरमोड करून 'समाजस्वास्थ्य' हे संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणाचे मासिक चालवले, ते कोणत्या स्वर्गाच्या आशेने? परलोकाचा हिशेब नसतानाही माणूस आयुष्यभर लोकांसाठी झिजू शकतो, हे त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही, आणि खोडावेसेही वाटत नाही.

अंतोननेही ते खोडले नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्येच म्हटले आहे, तो सांगू लागला, की ज्यांना स्वतःच्या दोषाविना देवाची ओळख झालेली नाही, पण जे नीट जगण्याची धडपड करतात, त्यांनाही तारणासाठी लागणारे साहाय्य देव नाकारत नाही.

"पण मी अजाण नाही," सुहास म्हणाला. "लहानपणापासून तुझ्याबरोबर नाताळच्या मिस्साला आलो आहे, सगळे ऐकले आहे, समजून घेतले आहे आणि विचार करून नाही म्हणतो आहे. माझे काय?"

अंतोन बराच वेळ तळ्याकडे पाहत राहिला. "ते ठरवणारा मी नाही," तो शेवटी म्हणाला, "आणि जो कोणी ते तुझ्यापुरते ठरवून सांगेल, त्याच्यावर मीही विश्वास ठेवणार नाही."

सुहासने मान हलवली. अंगठ्यावरचे मेण अजून पुरते निघाले नव्हते.