सगळे शिंदे एकाच घराण्यातले? नाही हो, जरा थांबा

शिंदे आडनावावरचा एक मेसेज सतत फिरत असतो, तुम्हालाही आला असेल. त्यात लिहिलंय की शिंदे आडनावाचे जेवढे म्हणून लोक आहेत ते सगळे राणोजी शिंद्यांच्या घराण्यातले, सगळ्यांची जात एक, कुलदैवत एक, आणि नकाशावर जिथे शिंदे, सिंधिया किंवा सिंदखेड दिसेल ती जागा शिंद्यांचीच. खाली फोटोंची रांग, महादजी, ताराबाई, विठ्ठल रामजी, प्रल्हाद शिंदे, सुशीलकुमार, एकनाथ शिंदे, आणि शेवटी मोठ्या अक्षरात "एकच रक्त". फोटोतली माणसं मोठीच आहेत, त्यात वाद नाही. पण त्यांना जोडणारी गोष्ट बनवलेली आहे, आणि ती खरी मानली की यातल्या निम्म्या लोकांनी नेमकं काय केलं तेच पुसलं जातं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी "सगळे राणोजींचे वंशज" हे घेऊ. राणोजी म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंदे राजघराण्याचे मूळपुरुष. ते साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे, तिथली पाटीलकी या घराण्याकडे होती, आणि पहिल्या बाजीरावाच्या काळात राणोजी पुढे आले. म्हणजे शिंदे आडनाव त्यांच्या आधीपासून होतंच की! ज्या माणसाला स्वतःला ते आडनाव वारशाने मिळालं तो ते लावणाऱ्या प्रत्येकाचा मूळपुरुष कसा होईल? आणि खुद्द या घराण्याचा वंश तरी सरळ रेषेत चाललाय का, तर नाही. राणोजींचा मुलगा जयाप्पा १७५५ मध्ये नागौरला मारला गेला, जयाप्पाचे भाऊ दत्ताजी १७६० च्या जानेवारीत बुराडी घाटावर पडले, जयाप्पांचा मुलगा जनकोजी पानिपतात गेला. मागे उरलेल्या महादजींनी सगळं पुन्हा उभं केलं, पण १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला ते वारले तेव्हा पोटचा मुलगा नव्हता, गादी भावाच्या नातवाकडे, दौलतरावांकडे गेली. दौलतराव १८२७ ला गेले, त्यांनाही मुलगा नाही, मग दत्तक. तो दत्तक १८४३ ला गेला, पुन्हा दत्तक. राजघराण्यालाच जिथे दोनदा दत्तक घ्यावा लागला तिथे महाराष्ट्रभरच्या शिंद्यांना "एकच रक्त" म्हणणं कुठल्या हिशोबात बसतं?

बायकांचा विचार तर मेसेज लिहिणाऱ्याने केलेलाच नाही. बायजाबाई शिंदे, दौलतरावांच्या मागे ज्यांनी काही वर्षं ग्वाल्हेरचा कारभार हातात ठेवला, त्या जन्माने कागलच्या घाटगे. विजयाराजे शिंदे यांचं आजोळ नेपाळच्या राणा घराण्यातलं. दोघींची नावं शिंदे म्हणून इतिहासात आहेत ती लग्नामुळे.

आणि ताराबाई शिंदे बरोबर उलट्या. त्या बुलढाण्याच्या, शिंदे हे त्यांच्या वडिलांचं आडनाव, वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकुनी करणारे आणि सत्यशोधक विचारांचे. सुरतेतल्या एका विधवेला बालहत्येच्या आरोपात शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांच्या नावाने बोटं मोडणं सुरू झालं तेव्हा ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली, आणि टीका झाली तेव्हा जोतिराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. आता या बाईंना राजघराण्याच्या फोटोंमध्ये बसवून "आपल्या रक्तातच तेज" असं लिहिणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, मला तरी तो फार लागतो. त्यांच्या मागे ना गादी होती ना फौज. जे लिहिलं ते स्वतःच्या डोक्याने आणि स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलं.

महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचंही तेच. जन्म १८७३, जमखंडीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातला, तेव्हा ते पटवर्धनांचं संस्थान. घरची परिस्थिती ओढाताणीची. सयाजीराव गायकवाडांची मदत झाली म्हणून ऑक्सफर्डला जाऊन धर्माचा अभ्यास करता आला, परत येऊन प्रार्थना समाजाचं काम, आणि १९०६ मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन. अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य घातलं आणि त्यापायी स्वतःच्या लोकांचं बोलणं खाल्लं. ज्या माणसाने जन्मावरून ठरणाऱ्या मोठेपणाशी उभं आयुष्य भांडण केलं त्याचाच फोटो "उच्च कुळ" सांगायला वापरायचा, हे बरोबर नाही, अजिबात नाही.

"सगळ्यांची जात एक" हा मुद्दा तर त्या फोटोंनीच खोटा ठरतो. सुशीलकुमार शिंदे सोलापूरचे, जानेवारी २००३ ते नोव्हेंबर २००४ मुख्यमंत्री, महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री, पुढे देशाचे गृहमंत्री. २००९ ला ते लोकसभेवर निवडून आले ती सोलापूरची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रल्हाद शिंदे म्हणजे आंबेडकरी चळवळीचा गाता आवाज, भीमगीतं आणि विठ्ठलाची गाणी दोन्ही त्याच ताकदीने गाणारे, मग आनंद, मिलिंद, आणि आता आदर्श. आणि एकनाथ शिंदे, जून २०२२ पासून २०२४ पर्यंत मुख्यमंत्री, ते मराठा. म्हणजे राज्याला शिंदे आडनावाचे दोन मुख्यमंत्री मिळाले आणि दोघांच्या जाती वेगळ्या. पाटील, पवार, जाधव, गायकवाड, कांबळे, कुठलंही घ्या, एकच आडनाव दोन-चार समाजांत सहज सापडतं. कुठे काम आडनाव झालं, कुठे गाव, कुठे कूळ, आणि प्रत्येक ठिकाणी ते वेगवेगळं रुजलं.

मेसेजमध्ये अजून एक जोड दिलीय की एकनाथ शिंदेंचं गावही साताऱ्यात आणि कण्हेरखेडही साताऱ्यात, म्हणजे घराणं एकच. अहो, दरे गाव कोयनेच्या खोऱ्यात, महाबळेश्वरच्या बाजूला, कण्हेरखेड कोरेगाव तालुक्यात. अभिनेते सयाजी शिंदेही साताऱ्याचेच. जिल्हा एक असणं हा नात्याचा पुरावा नसतो, एवढंच. जोतिबाचंही तसंच, राणोजींचं नाव त्या मंदिराच्या बांधकामाशी जोडलेलं आहे हे खरं, पण जोतिबा कितीतरी वेगवेगळ्या आडनावांचं कुलदैवत आहे, त्यावरून कोण कोणाचा हे ठरत नाही.

आता जागांचं. वानवडीची शिंदे छत्री, बनारसचा सिंधिया घाट, ग्वाल्हेर किल्ल्यावरची १८९७ ची सिंधिया स्कूल, या राजघराण्याच्याच, मान्य. पण विशाखापट्टणमला सिंधिया नावाचा भाग आहे, तो या यादीत टाकलाय, आणि त्याची गोष्ट खरं तर जास्त भारी आहे. ग्वाल्हेरच्या महाराजांनी पहिल्या महायुद्धात एक जहाज घेऊन त्याचं हॉस्पिटल शिप केलं होतं, नाव लॉयल्टी. युद्धानंतर ते वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे उद्योजकांनी विकत घेतलं, कंपनी काढली सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन, आणि ५ एप्रिल १९१९ ला ते जहाज मुंबईहून लंडनला निघालं, आजही ५ एप्रिल राष्ट्रीय सागरी दिन असतो तो त्यामुळे. याच कंपनीने १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला, १९४८ ला तिथून 'जल उषा' पाण्यात उतरलं, पुढे कारखाना सरकारकडे जाऊन हिंदुस्थान शिपयार्ड झाला, पण वस्तीला सिंधिया हे नाव चिकटलं ते चिकटलं. तिथे कुठल्या शिंद्यांची जहागीर नव्हती, मालक गुजराती आणि सोलापूरकडचे जैन व्यापारी.

आणि सिंदखेड राजा! तो लखुजी जाधवांचा, जिजाऊंचं जन्मगाव, बुलढाणा जिल्ह्यातलं. नुसता "सिंद" दिसला म्हणून जाधवांचं गाव शिंद्यांच्या नावावर चढवलंय. धुळ्याचं शिंदखेडा, चंद्रपूरचं सिंदेवाही हेही त्याच तर्काने घुसवलेत, पुरावा कुठलाच नाही.

आपल्याकडे सोयरीक जमवताना काय विचारतात बघा, देवक काय, मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं. नुसत्या आडनावाने काम भागलं असतं तर हे विचारलंच नसतं ना. कोणाला खरंच आपली पिढी शोधायची असेल तर रस्ते आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळ्या असतात, पूर्वजांपैकी कोणी तिथे विधीला गेलं असेल तर नोंद मिळू शकते. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी ठेवतात. जुने फेरफार, शाळेचे दाखले तहसीलला आणि शाळेत मागता येतात. तिथे चार पिढ्या जरी सापडल्या, तरी त्या तुमच्या असतील.