‘पोरांनी मराठीचा बाजार उठवला’ म्हणे!

महिनाभरात हा मजकूर मला चार ग्रुपवर आला. दोनदा तर एकाच काकांकडून. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आजच्या पोरांनी साध्या साध्या शब्दांचे अर्थ फिरवून मराठीचा बाजार उठवला. पूर्वी शब्दाला एकच ठरलेला अर्थ होता, मोबाईलनं तो बिघडवला. आता आजी-आजोबांना नातवंडांचं बोलणं कळत नाही, म्हणून घरात सगळ्यांनी कोशातल्या अर्थानंच बोलावं.

‘पूर्वी शब्दाला एकच अर्थ होता.’

कोल्हापुरात राहून हे म्हणायला धाडस लागतं. ‘तालीम’ घ्या. मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. उर्दूत आजही तोच. मराठीत नाटकवाल्यांनी तो सरावासाठी घेतला, पैलवानांनी आखाड्यासाठी. आमच्याकडं तो लाल मातीतूनही बाहेर पडला. तालमीचं मंडळ झालं, मंडळाचा गणपती बसला, आणि मंडळाची फुटबॉल टीम शाहू स्टेडियमवर उतरली. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांची मॅच असली की पेठेत कुणी विचारत नाही, की तालमीत फुटबॉल कसा काय? लखनौचा पाहुणा मात्र विचारेल, आणि त्याचं चुकणार नाही.

‘राजीनामा’ तर अजून मजेशीर. ‘राजी’ म्हणजे कबूल, ‘नामा’ म्हणजे लेख. म्हणजे हा संमतीचा कागद. हिंदीत तडजोडीच्या कागदाला अजून राजीनामाच म्हणतात. आपण तो देऊन खुर्ची सोडतो! जुन्या धर्मशास्त्रात ‘साहस’ म्हणजे बळजबरीचा गुन्हा. आता उन्हाळी सुट्टीत फी भरून पोरांना साहस शिबिराला पाठवतात. हे बदल नातवानं केलेले नाहीत.

‘मोबाईलनं बिघडवलं.’

उसाच्या मुलखात ‘चर्चेचं गुऱ्हाळ’ हा शब्दप्रयोग मोबाईलवर आला काय? कुस्ती शिकवणारा तो वस्ताद, आणि ‘लई वस्ताद हाय’ म्हटलं की माणूस बेरकी. ‘भारी’ आधी जड होतं, मग महाग झालं. आमच्या आईच्या ट्रंकेत तळाशी ‘भारीतली’ साडी असायची. तिथून ‘लई भारी’पर्यंत किती अंतर? ‘नाद’ म्हणजे आवाज, मग वाईट खोड, आणि आता ‘नाद खुळा’ ही शाबासकी.

एक मात्र मान्य. काही शब्द खरंच मोबाईलमधून येतात. पुतण्या म्हणाला, ‘मेस्सी गोट आहे.’ इंग्रजीतल्या ‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’, म्हणजे सर्वकाळातला सर्वश्रेष्ठ, या शब्दांच्या आद्याक्षरांतून तो ‘गोट’ झालाय. आमच्या अण्णांना ‘गोट’ म्हणजे शेळी एवढंच इंग्रजी येतं, म्हणून त्यांनी त्याची शेळी केली. वर विचारलं, ‘एवढा चांगला खेळतोय, मग त्याचा बकरा कुणी केला?’

‘आजी-आजोबांना कळत नाही.’

खरं आहे. आमच्याच घरातलं सांगतो. पावसाळ्यात धाकट्यानं आजीला फोन केला, ‘चौकात राडा झालाय, उशीर हुईल.’ त्याचा राडा म्हणजे मारामारी. आजीचा राडा म्हणजे चिखल, तोही पायताण रुतवून ठेवणारा. ती म्हणाली, ‘मग पायताण हातात घे की, आणि कडंकडंनं ये.’ पोरगं फोनवरच गार. पायताण हातात घेऊन भांडणात शिर, असं आजी सांगतीय असं त्याला वाटलं. रात्री जेवताना दोघांनी आपापला राडा समजावून सांगितला, आणि पोराला पहिल्यांदा कळलं की आपला शब्द आजीच्याच शेतातला आहे. पाऊस लागला की आजीचा राडा आजही तसाच होतो. दोन्ही अर्थ एकाच घरात नांदतात, म्हणजे जुना मेलेला नाही.

हसून सोडता येणार नाहीत असेही प्रसंग असतात. अण्णांच्या मित्रासमोर पुतण्या कौतुकानं म्हणाला, ‘काका लई वाढीव हायत.’ वाढीव बिल, वाढीव मुदत एवढंच माहीत असलेल्या त्या माणसाला वाटलं, आपण या घरात जास्तीचे झालो. ते चहा न घेताच उठले. यात पोराची चूक आहे असं माझं मत. अर्थ बदलल्याची नव्हे, समोर कोण बसलंय हे न बघितल्याची. ‘वाढीव’ला त्याच्या कट्ट्यावरसुद्धा दोन धारा आहेत, टवाळी आणि कौतुक. मग सत्तरीच्या माणसानं त्यातली कुठली ओळखायची?

‘कोशातल्या अर्थानंच बोला.’

कुठल्या कोशातल्या? मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मधला. या मंडळींनी आपापल्या काळातलं चालतं-बोलतं मराठी टिपलं. एका शब्दाखाली आठ-आठ अर्थ दिले, तेही तक्रार न करता.

आणि बाजार उठतो तो संध्याकाळी, पालं गुंडाळली की. त्याचा ‘वाटोळं झालं’ हा अर्थ या मजकूरवाल्यानं कुठून आणला, तेवढं त्या काकांना विचारलंय. अजून उत्तर नाही. मजकूर मात्र त्यांनी काल परत पाठवला.